मोजलेली भाषा आणि शिकवलेली भाषा

(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजी कसे शिकवावे या विषयावर आपण आजवर अनेक व्याख्याने ऐकली असतील. आज मी आपले लक्ष त्याच्या एक पायरी अलीकडच्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. इंग्रजीतील नेमके काय शिकवावे, हा तो प्रश्न होय. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजीचा आरंभ होतो. आपल्या खेड्यातील मुलाला घरी इंग्रजी ऐकू येत नाही, शेजारी येत नाही, खेळताना येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो शाळेतला एक तास. या तासात शिकवलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या एखाद्या शब्दाची जागा घेऊन बसतो. तेव्हा निवड चुकली तर नुकसान कोणाचे होते, हे मी आपणांस सांगावयास नको.

ही निवड आजवर बहुधा ग्रंथकाराच्या अंदाजाने होत आली. विद्वान मनुष्य आपल्या कानाला विचारतो, ‘हा शब्द नेहमीचा आहे काय?’ आणि कान जे उत्तर देईल ते पुस्तकात जाते. परंतु माणसाचा कान मोठा लबाड असतो. जो शब्द क्वचित येतो तो ठळकपणे लक्षात राहतो आणि जो क्षणोक्षणी येतो त्याच्याकडे लक्षच जात नाही. आपण दिवसभरात ‘तर’ आणि ‘पण’ किती वेळा म्हटले, हे आपणांपैकी कोणास सांगता येईल? म्हणून अंदाज बाजूस ठेवून भाषा प्रत्यक्ष मोजावी, असा विचार पुढे आला. लोकांनी खरोखर लिहिलेली व बोललेली भाषा पुष्कळ प्रमाणात गोळा करावयाची, ती नीट लावून ठेवावयाची, आणि मग तिच्यात कोणता शब्द किती वेळा, कोणत्या अर्थाने, कोणाच्या शेजारी येतो हे पाहावयाचे. अशा संग्रहास इंग्रजीत कॉर्पस म्हणतात. आपण त्याला भाषासंचय म्हणू.

या कामाचा आरंभ यंत्राने झालेला नाही, ही गोष्ट आपणांस धीर देणारी आहे. जर्मनीत केडिंग या गृहस्थाने १८९७-९८ साली सुमारे १ कोटी १० लाख शब्दांच्या मजकुराची गणना प्रसिद्ध केली. हजारो मदतनीसांनी ती हाताने केली होती आणि तिचा हेतू लघुलेखनाची पद्धत सुधारण्याचा होता. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली खास शिक्षकांसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची यादी काढली. मुलांना वाचावयास द्यावयाच्या पुस्तकात कोणते शब्द यावेत, हे शिक्षकाला कळावे एवढाच तिचा उद्देश होता.

या इतिहासातील एक प्रकरण आपल्या देशात घडले. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी तेव्हाच्या बंगालमध्ये ढाक्याच्या शिक्षक महाविद्यालयात काम करीत होते. त्यांनी पाहिले की, इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांपैकी पुष्कळशी मुले अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच शाळा सोडतात, आणि सोडताना त्यांच्या हाती काहीच नसते. पहिली काही वर्षे ज्या पायाभरणीत गेली त्या पायावर भिंत कधी उभीच राहत नाही. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी यासाठी विम्याच्या व्यवहारातील कल्पना वापरली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी भरलेल्या पैशांच्या मोबदल्यात काही रक्कम परत मिळते. शिक्षणाचेही तसेच असावे. मूल ज्या वर्षी शाळा सोडील त्या वर्षीपर्यंतच्या शिकण्याचे काही रोख मोल त्याच्या पदरात पडावे. त्यांनी मुलांची वाचनपुस्तके तपासली तेव्हा त्यांत नवे शब्द फार दाट आणि त्यांची उजळणी फार थोडी, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी जुनाट, ग्रांथिक शब्द काढून नित्याचे शब्द घातले आणि नवा शब्द आला की तो पुनःपुन्हा भेटेल अशी योजना केली. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० शब्दांची सामान्य उपयोगाची यादी प्रसिद्ध केली. ५० लाख शब्दांच्या मजकुरावरील गणनेचा तिला आधार होता, आणि एका शब्दाच्या कोणत्या अर्थाचा वापर किती, हेही तीत दिले होते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांवर या यादीची छाया कित्येक वर्षे राहिली.

त्यानंतर कामाचा विस्तार झाला. इंग्लंडमध्ये रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ साली इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी सुरू केली. प्रत्येकी ५,००० शब्दांचे २०० नमुने, म्हणजे एकूण १० लाख शब्द, असा तिचा आराखडा होता. त्यांत लिखित भाषेबरोबर बोललेली भाषाही घेतली, आणि आरंभीचे सारे काम कागदी चिठ्ठ्यांवर चालले. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस व कुचेरा या दोघांनी १९६१ साली छापल्या गेलेल्या मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने घेऊन १० लाख शब्दांचा संचय १९६४ साली पुरा केला. तो संगणकासाठी तयार केलेला होता. वर्तमानपत्रे, कथा, शास्त्रीय लेख, धार्मिक लेखन असे १५ प्रकार त्यात होते.

याच धर्तीवरचा एक संचय आपल्या महाराष्ट्रात तयार झाला, हे सांगताना मला अभिमान वाटतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा १० लाख शब्दांचा संचय सिद्ध झाला. १९७८ साली भारतात प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी मजकुराचे ५०० नमुने त्यात आहेत. भारतीय माणूस इंग्रजी कसे लिहितो, हे अमेरिकन व ब्रिटिश संचयांशी ताडून पाहण्याची सोय त्यामुळे झाली, आणि जगातील अभ्यासक त्याला कोल्हापूरच्या नावानेच ओळखतात. ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी कोट्यवधी शब्दांच्या संचयावरून शिकणाऱ्यांसाठी एक नवा शब्दकोश रचला. तो १९८७ साली निघाला. १९९४ साली १० कोटी शब्दांचा ब्रिटिश राष्ट्रीय संचय पुरा झाला. अमेरिकन इंग्रजीच्या एका संचयात तर १९९० ते २०१९ या काळातील १०० कोटींहून अधिक शब्द आहेत.

हे आकडे ऐकून दिपून जाण्याचे कारण नाही. एवढे मोजून शिक्षकाला उपयोगी असे काय हाती आले, एवढेच आपण विचारू. माझ्या मते तीन गोष्टी हाती आल्या.

पहिली गोष्ट ही की, थोडे शब्द फार मोठे काम करतात. ब्राउन विद्यापीठाच्या संचयात एकटा ‘द’ हा शब्द शेकडा ७ च्या जवळपास भरतो. केवळ १३५ शब्दांनी त्या १० लाखांचा निम्मा मजकूर व्यापलेला आहे. उलटपक्षी, त्यात आलेल्या निरनिराळ्या शब्दांपैकी जवळजवळ निम्मे शब्द एकदाच येऊन गेले. वेस्ट यांच्या यादीतील २,००० शब्द येत असतील, तर सामान्य इंग्रजी मजकुरातील शंभरातले सुमारे ८० शब्द ओळखीचे निघतात. त्यापुढील हजार शब्दांनी पडणारी भर त्या मानाने फारच थोडी असते. म्हणजे पहिल्या दोन हजारांवर घालवलेला वेळ मुलाला सर्वांत अधिक परतावा देतो. मात्र ८० शब्द ओळखले म्हणजे ८० टक्के समजले, असे कोणी मानू नये. दर पाचवा शब्द अनोळखी असेल तर अर्थाचा धागा तुटतो. पाया पक्का झाला एवढेच त्यावरून म्हणता येते.

दुसरी गोष्ट शब्दाच्या अर्थाविषयी आहे. ‘बॅक’ म्हणजे पाठ, असे आपण सर्वजण शिकवतो. जुने शब्दकोशही हाच अर्थ प्रथम देत. बर्मिंगहॅमच्या संचयात पाहता हा अर्थ मागे पडला, आणि ‘परत’ हा अर्थ सर्वांत पुढे आला. ‘कम बॅक’, ‘गो बॅक’, ‘गिव्ह बॅक’ यांतला. ‘टेक’ म्हणजे घेणे हेही तसेच. हाताने वस्तू उचलून घेणे या अर्थापेक्षा दुसऱ्या शब्दाला टेकून येणारे ‘टेक’ फार. इंग्रजीत फोटो ‘टेक’ करतात. आपण तो काढतो. परीक्षा ‘टेक’ करतात; आपण ती देतो. मराठीत आपण अभ्यास करतो, चूकही करतो आणि चहाही करतो. इंग्रजीत गृहपाठाला ‘डू’ लागते, चुकीला आणि चहाला ‘मेक’ लागते. यात तर्क कोणता, असे मुलाने विचारले तर उत्तर नाही. मराठीत मार खातात, बोलणी खातात, भाव खातात आणि शपथ मात्र घेतात, याला तरी कोणता तर्क आहे? शब्द आपापली सोबत ठरवून चालतात. म्हणून सुटा शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ अशी वही भरून घेण्यापेक्षा, शब्द त्याच्या सोबत्यासह शिकवावा, असे हे संशोधन सांगते.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. डग्लस बायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ४ कोटी शब्दांच्या संचयावर आधारलेले इंग्रजीचे मोठे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की, बोलण्यातील मुख्य क्रियापदांच्या एकूण वापरापैकी शेकडा ४५ च्या आसपास वापर अवघ्या बारा क्रियापदांचा असतो. ती बारा अशी: से, गेट, गो, नो म्हणजे जाणणे, थिंक, सी, मेक, कम, टेक, वॉन्ट, गिव्ह आणि मीन. तसेच, साधा काळ हा चालू काळापेक्षा संभाषणात वीसपटींहून अधिक येतो. आता आपल्या वर्गाकडे पाहा. ‘मी दार उघडत आहे’, ‘मी चालत आहे’ अशी वाक्ये कृती करून दाखवता येतात, म्हणून चालू काळावर आपण महिनेच्या महिने खर्च करतो. कृतीने शिकवण्याची सोय ही खरी सोय आहे, आणि ती सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. परंतु मूल जेव्हा खरे इंग्रजी वाचू लागेल तेव्हा त्याला ‘मी रोज शाळेत जातो’, ‘मला पाणी हवे’, ‘त्याने सांगितले’ हेच पदोपदी भेटणार आहे. त्याची सवय अपुरी ठेवून चालू काळ घोटून घेतला, तर वापरातली भाषा मागे राहते आणि दाखवण्याजोगी भाषा पुढे जाते.

येथवर मी गणनेचे गुण गायिले. आता तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ पासून असे प्रतिपादन केले की, वाक्यांचा संग्रह कितीही मोठा केला तरी तो अपुराच राहणार. कारण माणूस पूर्वी कधी न उच्चारलेली वाक्ये निर्माण करू शकतो. हा आक्षेप खरा आहे. एखादी रचना किती वेळा आली हे मोजून कळते. ती का होते, हे मोजून कळत नाही. भाषाध्यापनाचे अभ्यासक एच. जी. विडोसन यांनी दुसरा मुद्दा मांडला. लंडनमधल्या दोन माणसांचे संभाषण त्यांच्यापुरते जिवंत असते. तेच कागदावर उतरवून परक्या मुलापुढे ठेवले तर ते त्याला जिवंत वाटेलच असे नाही. मुलाला कळेल, आवडेल आणि त्याच्या अनुभवाशी जुळेल असे वाक्य शिक्षकानेच घडवावे लागते.

याहून महत्त्वाची मर्यादा वेस्ट यांनीच ओळखली होती. शब्द किती वेळा येतो एवढ्यावर त्यांनी निवड केली नाही. शिकण्यास तो सोपा की कठीण, त्याच्यावाचून अडते की नाही, एकाच शब्दाने अनेकांचे काम भागते काय, हेही त्यांनी पाहिले. ‘पॉयझन’ हा शब्द घ्या. कोणत्याही गणनेत तो फार वर येणार नाही. परंतु ज्या घरात फवारणीच्या औषधाचे डबे ओट्यावर पडलेले असतात, त्या घरातल्या मुलाला हा एक शब्द वाचता येणे आणि न येणे यांत जिवाचे अंतर आहे. औषधाच्या पट्टीवरचा मुदतीचा शब्द, विजेच्या खांबावरचा धोक्याचा शब्द, बँकेच्या अर्जावरचे नाव, तारीख, सही यांचे शब्द हे असेच. लंडनच्या किंवा प्रॉव्हिडन्सच्या संचयात आपल्या गावाची गरज मोजलेली नाही. ती मोजणे आपल्याकडे उरते.

बंधुभगिनींनो, आता आपल्या शाळेत काय करता येईल ते सांगतो. यासाठी खर्च नाही. थोडा चिकाटीचा वेळ मात्र हवा.

एक, आपल्या वर्गाच्या इंग्रजी पुस्तकातील शब्दांची गणना करावी. जुन्या वह्यांच्या कोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापाव्यात, प्रत्येक नव्या शब्दाला एक चिठ्ठी द्यावी, आणि तो ज्या ज्या पाठात येईल त्याचा क्रमांक तिच्यावर टाकावा. तिसरी-चौथीची मुले हे काम आनंदाने करतात, आणि करता करता शब्द पाच-सात वेळा त्यांच्या डोळ्यांखालून जातो. वर्षअखेर चिठ्ठ्या लावून पाहिल्या की, कोणता शब्द एकदाच येऊन गेला ते कळते. एकदाच भेटलेला शब्द मूल विसरणारच; त्यात मुलाचा दोष नाही. तो शब्द नित्याचा असेल तर आपण त्याला पुढील पाठांच्या बोलण्यात पुनःपुन्हा आणावा. नसेल तर त्याचा आग्रह सोडावा.

दोन, गावातील इंग्रजीचा संचय करावा. एस. टी. च्या गाडीवर, दुकानाच्या पाटीवर, खताच्या पोत्यावर, औषधाच्या वेष्टनावर, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आलेले इंग्रजी शब्द मुलांनी टिपून आणावेत. रोमन लिपीत ते जसे दिसले तसेच टिपावेत. बस, पेन, बॅट, डॉक्टर, रिचार्ज असे शेकडो शब्द मुलाच्या तोंडी आधीच आहेत. फक्त ते इंग्रजी आहेत हे त्याला ठाऊक नसते आणि ते वाचता येत नाहीत. ज्याचा अर्थ माहीत आहे तो शब्द वाचावयास शिकणे सर्वांत सोपे. यातून ज्या शब्दांवाचून गावात अडते, त्यांची यादी आपोआप तयार होईल.

तीन, मुलांच्या चुकांची वही ठेवावी. बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रँजर यांनी १९९० पासून निरनिराळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या इंग्रजी निबंधांचा संचय केला. तो २००२ साली प्रथम प्रसिद्ध झाला. कोणती चूक सर्वच शिकणाऱ्यांची आणि कोणती मातृभाषेच्या वळणामुळे होणारी, हे त्यावरून पाहता येते. आपल्या चाळीस वह्या हा लहानसा संचयच होय. मराठीत ‘द’ आणि ‘अ’ या उपपदांना जोड नाही, म्हणून ती गळतात. करणे या एकाच क्रियापदामुळे ‘डू’ आणि ‘मेक’ यांची अदलाबदल होते. चूक लाल शाईने खोडली की ती आपल्या नजरेआड होते. वहीत तारखेसह उतरवली की तिची मुळे दिसू लागतात, आणि पुढचा पाठ कशाचा घ्यावा हे ती सांगते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘परीक्षा देणे’ याचे शब्दशः इंग्रजी भारतात सुशिक्षितांच्याही तोंडी रुळलेले आहे. परदेशी वापर निराळा आहे हे मुलाला सांगावे; पण प्रत्येक भारतीय वळण म्हणजे अज्ञान, असे त्याच्या मनात भरवू नये.

चार, शंका आली की अंदाजाने उत्तर देऊ नये. बर्मिंगहॅमचे टिम जॉन्स यांनी १९९१ च्या सुमारास अशी पद्धत मांडली की, एका शब्दाची दहा-वीस खरी उदाहरणे एकाखाली एक मांडून विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत आणि नियम त्यांनाच शोधू द्यावा. मोठ्या संचयांपैकी काही आज इंटरनेटवर पाहता येतात. जेथे तेही शक्य नाही तेथे वरच्या इयत्तेच्या पुस्तकातून पाच वाक्ये काढून फळ्यावर लिहिली तरी भागते. नियम पाठ करणाऱ्या मुलापेक्षा पाच वाक्यांतून नियम हेरणारे मूल पुढे कोणतीही भाषा अधिक सहज शिकेल.

आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजीचा तास घेताना मनातून संकोच वाटतो. आपले उच्चार तसे नाहीत, आपण त्या भाषेत वाढलो नाही, असे आपण म्हणतो. या संशोधनाने त्या संकोचावर एक उतारा दिला आहे. इंग्रजीत काय योग्य हे ठरवताना आता इंग्रज विद्वानालाही स्वतःच्या कानावर विसंबता येत नाही. त्यालाही चिठ्ठ्या उलटाव्या लागतात. चिठ्ठ्या उलटण्याचे काम खेड्यातील शिक्षकाला तितक्याच प्रामाणिकपणे करता येते. पुराव्यापुढे दोघे सारखेच विद्यार्थी आहेत.

वेस्ट यांच्या त्या विम्याच्या कल्पनेकडे पुन्हा एकदा पाहून मी थांबतो. आपल्या वर्गातले कोणते मूल कोणत्या वर्षी शाळा सोडील, हे आपणांस आज ठाऊक नाही. कोणाला ऊसतोडीला आईबापांबरोबर जावे लागते, कोणा मुलीचे शिक्षण मध्येच थांबते. ते मूल जाईल तेव्हा त्याच्याजवळ निदान इतके शब्द असावेत की, डब्यावरचा इशारा, गाडीची पाटी आणि अर्जाची ओळ त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये. ते शब्द कोणते, हे आपण या वर्षी मोजून ठरवू या. येत्या केंद्र संमेलनास प्रत्येक शाळेने आपल्या चिठ्ठ्यांची जुडी घेऊन यावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.